दुसऱ्याच्या गळ्यासाठी

वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष या गावी १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. वतनदार घरातला हा मुलगा पुढे तमाशाच्या फडात उभा राहिला, जातगोतानं त्याला दूर लोटलं आणि महाराष्ट्र त्याला पठ्ठे बापूराव या नावानं ओळखू लागला. बापूराव स्वतः गात असत. पण ज्या लावण्यांवर त्यांचं नाव टिकलं त्या त्यांनी एकट्याच्या आवाजासाठी रचल्या नव्हत्या. त्या संगमनेरकडच्या हिवरगावहून आलेल्या पवळाबाईंनी गायच्या होत्या, मागे उभ्या असलेल्या सुरत्यांनी झेलायच्या होत्या. बापूराव १९४५ साली गेले, तरी त्यांच्या लावण्या त्यांना कधी न पाहिलेल्या कलावंतांच्या तोंडी चालूच राहिल्या.

गाणारा माणूस दुसऱ्यासाठी गाणं रचतो तेव्हा नेमकं काय करतो, हे या लेखात सावकाश पाहायचं आहे. त्यासाठी सातारा-सांगलीचा पट्टा मुद्दाम निवडला आहे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला, १९६० साली त्याला सांगली नाव मिळालं. त्याआधी रेठरे, अण्णा भाऊ साठे यांचं वाटेगाव, पहिल्या वगाचं सावळज, शाहीर साबळे यांचं पसरणी आणि लावणीसम्राज्ञी यमुनाबाईंची वाई ही सगळी गावं एकाच सातारा जिल्ह्यात होती. गाणं लिहिणं, त्याला चाल लावणं, ते दुसऱ्याच्या गळ्यात बसवणं आणि फड उभा करून ते लोकांपुढे आणणं, ही सगळी कामं इथं अनेकदा एकाच माणसानं केली आहेत. त्याला शाहीर म्हणत. आज मुंबई-पुण्यात एखादा गायक स्वतः गाऊन शिवाय इतरांसाठी गाणी लिहितो, त्यांची ध्वनिमुद्रणं करून देतो, तेव्हा आपल्याला ते नवं वाटतं. या पट्ट्यातल्या जत्रांना ते किमान दीडशे वर्षं ठाऊक आहे.

शाहिराचं काम सुरू होतं ते कागदावर नाही, खेळाच्या क्रमात. तमाशात गाणं कुठं यायचं हे आधीपासून ठरलेलं असतं. हलगी आणि ढोलकीची जुगलबंदी होऊन गर्दी स्थिरावली की गण येतो, म्हणजे गणेशाचं स्तवन. मग गवळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, पेंद्या आणि सगळ्यांना हसवून सोडणारी मावशी. त्यानंतर विनोदी संवादांची बतावणी, रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी रात्र सरेपर्यंत चालणारा वग. मोहना बटाव हा पहिला वग मानला जातो. तो १८६५च्या सुमारास सावळजच्या उमाजींनी रचला. तेव्हापासून शाहिराला सुट्या लावण्यांबरोबर गोष्टीच्या पोटातली गाणीही लिहावी लागू लागली, आणि त्यांचं गणित निराळं आहे. सुटी लावणी तिच्या जागी स्वतःच्या बळावर उभी राहते. वगातल्या गाण्याला गोष्ट पुढे न्यावी लागते. ते संपतं तेव्हा पात्र निघालं त्याच जागी उरलं असेल, तर चांगली चाल असूनही प्रेक्षक चुळबुळ करू लागतो.

म्हणून फडाच्या नाईकानं गाणं मागितलं की शाहीर आधी जागा विचारतो. गणाला शब्द साधे आणि उच्चार ठणठणीत लागतात, कारण माणसं अजून बसत असतात. गवळणीत संवाद असतो, तेव्हा ओळ मध्येच तोडून मावशीला बोलता आलं पाहिजे. मध्यरात्रीनंतरच्या लावणीला जोर लागतो, झोपेला आलेलं माणूस तिनं सरळ बसवायचं असतं. जागा बदलली की गाणं बदलतं. अण्णा भाऊ साठे यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारलं, तेव्हा त्यांनी नेमका गणाचा हा पहिला खांब हलवला. गणाची जागा त्यांनी ठेवली, पण तिथं देवाऐवजी मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि राबणाऱ्या माणसांना वंदन ठेवलं. प्रेक्षक त्या जागी हात जोडायला सरावलेला होता. अण्णा भाऊंनी ते हात दुसरीकडे वळवले. नुसतं नवं क्रांतिगीत लिहून हे साधलं नसतं. तमाशाच्या फडात वावरलेल्या माणसालाच ही जागा इतकी नेमकी दिसू शकते.

जागा कळली की दुसरा प्रश्न येतो : गाणार कोण?

बापूरावांच्या उमेदीत ध्वनिक्षेपक नव्हता. उघड्या मैदानात, ढोलकी-हलगीच्या वर आवाज काढून, शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळले पाहिजेत अशी अट होती. म्हणून फडाचा सूर चढा. पेटीच्या भाषेत बोलायचं तर काळी चार, काळी पाच अशा पट्टीत गाणारे पुरुष सुरते फडात असत, आणि त्या टोकदार सुरातच तमाशाचं रूप घडलं. फार काळ स्त्रीपात्रं नाच्या पोऱ्याच करत असे. पवळाबाईंसारखी स्त्री फडात उभी राहिली तेव्हा गाणं लिहिण्याची रीतही बदलणं भाग होतं. तिच्या गळ्याला ती उंची ओढून आणावी लागत नाही, त्यामुळे शाहिराला वरच्या सुरावर नुसती ललकारी न ठेवता अर्थाचा शब्द ठेवता येतो.

गळ्याबरोबर दम पाहावा लागतो. लावणीत नाचायचं असतं आणि गायचंही असतं. चाळ बांधलेल्या पायांनी ढोलकीच्या तोड्यावर गिरक्या घेतल्यावर लगेच लांबलचक ओळ गायला दिली तर शब्द गिळले जातात. म्हणून जाणता शाहीर नाचानंतरच्या ओळीची सुरुवात आखूड शब्दांनी करतो आणि लांब ओळ तोड्याआधी ठेवतो. उच्चाराचंही तसंच. कुणाचा श आणि ष एकच येतो, कुणाच्या तोंडात जोडाक्षरं अडकतात, कुणाचा ळ सुरेख वळतो. ज्याचा ळ चांगला, त्याच्या गाण्यात मळा, सावळा, गळा, डोळा हे शब्द शाहीर मुद्दाम पेरतो. हे शिवणकामासारखं आहे : माप अंगावरून घ्यायचं, कापड मागून बेतायचं.

आता मापाकडे येऊ. लावणीचा मोठा भाग आठ मात्रांच्या आवर्तनांत चालतो. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’त अशा चालीच्या जातींना पद्मावर्तनी म्हटलं आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि पुढे आघात देणारं जोडाक्षर आलं तर आधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन. शाहिराला हा हिशेब बोटांवर करावा लागत नाही, ढोलकीची थाप तो करून घेते. पण वाचकाला दिसावं म्हणून मी इथं दोन ओळी जुळवल्या आहेत. कल्पना अशी की कृष्णाकाठी मळ्याची राखण करणारी बाई कुणाची तरी वाट पाहते आहे :

कृष्णाकाठी मळा राखते, सांज उतरली रानी
वाट तुझी मी किती पहावी, डोळां सरलं पाणी

पहिली ओळ मोजा. ‘कृष्णाकाठी’ आठ मात्रा, ‘मळा राखते’ आठ, ‘सांज उतरली’ आठ आणि ‘रानी’ चार. चौथं आवर्तन अर्धंच भरलं आहे. उरलेल्या चार मात्रा विसरून राहिलेल्या नाहीत, त्या सुरत्यांच्या आहेत. गाणारी ‘रानी’वर थांबते, श्वास घेते आणि त्याच क्षणी मागचे झीलकरी ‘जी जी’ करत सूर उचलून आवर्तन पुरं करतात. पाठ्यपुस्तकात छापलेली लावणी पुष्कळदा कोरडी वाटते, त्याचं एक कारण हे आहे. छापताना गाणारीचे शब्द येतात, सुरत्यांच्या चार मात्रा येत नाहीत. दुसऱ्यासाठी लिहिणारा शाहीर या रिकाम्या जागेला शब्दांइतकंच जपतो. तिथं एखादं सुंदर विशेषण कोंबण्याचा मोह झाला तर गाणारीचा श्वास जातो आणि सुरत्यांचं कामही जातं.

आता शेवटचा स्वर पाहा. ‘रानी’, ‘पाणी’ यांचा शेवट ई-काराचा आहे. ई तीक्ष्ण असतो, तो गोंगाट चिरत जातो. शिवाय सुरत्यांचा ‘जी’ही ई-कारान्त, त्यामुळे गाणारीचा सूर आणि झील यांचा सांधा कळत नाही, एकच सूर लांबवर ताणल्यासारखा ऐकू येतो. फडाला हेच हवं असतं. पण हीच ओळ बैठकीत गाणाऱ्या बाईला द्यायची असेल तर?

बैठकीची लावणी म्हणजे वेगळाच व्यवहार. मोजके रसिक, तबला, पेटी, सारंगी आणि बसून अदा करणारी गायिका. वाईच्या यमुनाबाई वाईकर या परंपरेतल्या फार मोठ्या कलावंत. १९१५ साली जन्मलेल्या यमुनाबाई २०१८ पर्यंत जगल्या, २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बैठकीत एक ओळ एकदा गाऊन पुढे जायचं नसतं. तीच ओळ पुन्हा घ्यायची, दर वेळी तिच्यातून निराळा भाव काढायचा : एकदा तक्रार, एकदा लाडीगोडी, एकदा नुसती नजर. अशा गायिकेला फडाची ओळ जशीच्या तशी दिली तर ती गाईल, पण तिला त्यात काढायला काही उरणार नाही. ‘डोळां सरलं पाणी’ एकदा सांगितलं की सांगून झालं. तिला फुगवता येणारा, सैल सोडता येणारा आ-कार हवा आणि हातवाऱ्याला, मानेच्या वळणाला जागा देणारी प्रतिमा हवी. मग त्याच ओळी अशा होतील :

कृष्णाकाठी मळा राखते, सांज उतरली राना
वाट तुझी मी किती पहावी, शाळू मोडी माना

मात्रा तेवढ्याच. पण कणीस भरून वाकलेल्या शाळूची मान गायिकेला तीन तऱ्हांनी दाखवता येते : पिकाची, स्वतःच्या थकव्याची, आणि वेळ आलीच तर लाजेची. पेरणीपासून काढणीपर्यंतचा सगळा हंगाम वाट पाहण्यात गेला, हेही न सांगता कळतं. शब्द कुणाच्या तोंडी जाणार हे ठरलं म्हणून ओळ बदलली आणि बदलताना अर्थानंही वाट काढली. गायिकेच्या गरजेपोटी केलेला बदल कवितेला कमीपणा आणतो, असं मानणाऱ्यांनी अशा जागा नीट पाहाव्यात.

पालुपद झालं की चौक रचायचे. चौकात चाल थोडी धावते, ओळींचे तुकडे आखूड होतात, आतल्या आत यमकं खणखणू लागतात. आणि चौक संपताना एक ओळ अशी यावी लागते की जी गाणारीला अलगद पालुपदावर आणून सोडेल. तिला मिळवणी म्हणतात. वरच्याच पालुपदासाठी ती अशी होऊ शकेल :

घागर फुटली, गोफण तुटली, कुठं गुंतला राणा

फुटली-तुटली ही आतली यमकं आठ-आठ मात्रांवर पडतात, तिथं ढोलकीवाल्याला थापेचं निमित्त मिळतं, आणि ‘राणा’ हा शेवट ऐकताच सुरत्यांना कळतं की आता ‘राना’कडे परतायचं. मिळवणी ही गाणाऱ्यांसाठी खूण आहे. फडातले कित्येक कलावंत अक्षरओळख नसलेले होते. सगळं तोंडपाठ. कागद हातात नसताना, उभ्या जत्रेत, मध्यरात्री, पाच-सहा चौकांचं गाणं कुठं चाललं आहे हे सगळ्यांना एकाच वेळी कळायला हवं, आणि ते यमकानं कळतं. यमक कानाला गोड लागतं ही त्यामागची दुसरी गोष्ट झाली.

शब्द आधी की चाल आधी, हा प्रश्न सांगलीच्या मातीत फार जुना आहे. सांगलीकर चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं. पदं भाव्यांची, बसवणं भाव्यांचं. पण गाणारा मात्र एकच होता : सूत्रधार. पात्रं रंगमंचावर येत, सूत्रधार आणि त्याचे साथीदार पदातून प्रसंग सांगत, मग पात्रं आपापल्या शब्दांत बोलत. म्हणजे राम असो, रावण असो, गळा एकच. लिहिणाऱ्याची केवढी सोय! १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्रंच गाऊ लागली आणि लिहिणाऱ्यापुढे एकदम अनेक गळे उभे राहिले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार आणि नामांकित तालीम मास्तर. १८९९च्या त्यांच्या ‘शारदा’ची पदं वाचली तर पदाच्या वर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या ओळखीच्या गाण्याचा उल्लेख दिसतो. नटाला ती चाल येतच असे, त्यामुळे नवे शब्द पटकन बसत. पुढे सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९११ साली ‘मानापमान’ केलं तेव्हा गोविंदराव टेंबे यांनी बालगंधर्वांचा गळा डोळ्यांपुढे ठेवून चाली दिल्या आणि शब्द त्यांच्या साच्यात उतरले. खाडिलकरांच्या पदांची वाक्यरचना काही ठिकाणी अवघडते, हे खरं. पण ते गाणं ऐकताना कुणाला अडखळायला होत नाही, कारण चाल ज्या गळ्यासाठी केली होती त्याला ती तंतोतंत बसली होती.

शाहिरांनी दोन्ही वाटा वापरल्या. ओळखीच्या चालीवर नवे शब्द घालण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. लोकांच्या कानात चाल आधीच असते, त्यामुळे पहिल्याच ऐकण्यात लक्ष शब्दांकडे जातं. बापूरावांची मुंबईची लावणी आहे, अण्णा भाऊंचीही आहे. दोघेही वाळव्याकडचे, दोघांनी एकच शहर एकाच रचनाप्रकारात धरलं. बापूरावांनी मुंबईचा थाट गायला. अण्णा भाऊंनी त्याच लावणीच्या अंगानं मलबार हिल आणि कामगारवस्ती शेजारी शेजारी उभी केली. ऐकणाऱ्या गिरणी कामगाराला पहिली ठाऊक होती, म्हणून दुसरीचा वार नेमका बसला.

अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ची गोष्ट याहून मोठी आहे. ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, त्यांनी लिहिली आणि ती घरोघर पोचवली अमर शेख यांच्या आवाजानं. बार्शीकडचा हा शाहीर पहाडी गळ्याचा होता. हजारोंच्या सभेत त्याच्या आवाजाला ध्वनिक्षेपक अपुरा पडावा अशी त्याची ख्याती. वरवर पाहता ती गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाची लावणी आहे, मुंबईला पोटासाठी आलेल्या कुणाही गड्याची. पुढे जाता जाता मैना म्हणजे तुटून राहिलेला मराठी मुलूख होतो, बेळगाव, कारवार, निपाणी होते. हा पालट कोमल, बारीक आवाजात झाला असता तर तो चमत्कृती वाटला असता. अमर शेखांच्या गळ्यात विरह आणि ललकारी एकाच श्वासात मावत. अण्णा भाऊ स्वतः गात, कलापथकात उभे राहत, पण आपल्या शब्दांना कुणाचा गळा हवा हे त्यांना कळलं होतं. दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्या गायकाचं सर्वांत अवघड काम मला हेच वाटतं : स्वतःला येत असूनही बाजूला सरणं.

लिहून झालं की तालीम. शाहीर आधी सगळं गाणं स्वतः गाऊन दाखवतो, नंतर ओळ-ओळ देतो. तो स्वतः गाणारा असल्याचा खरा उपयोग इथं होतो. शब्दावर जोर कुठं, श्वास कुठं, कुठली मात्रा थोडी उशिरा टाकायची, हे कागदावर लिहिता येत नाही. गाणारी एखादा शब्द सारखा चुकवू लागली तर अनुभवी शाहीर तिला रागावत बसत नाही, शब्दच बदलतो. ढोलकीवाला आपला तोडा कुठं घालणार हे ठरवतो, सोंगाड्या कुठं मध्ये तोंड घालणार तेही ठरतं. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. अशी जोडी फडात असली की लेखकाला नुसतं सोंगाड्याचं तोंड नाही, दोन सारख्या चेहऱ्यांचा घोळही हाताशी मिळतो आणि वग त्याभोवती बेतला जातो. पहिले काही प्रयोग गाणं हलतच राहतं. एका गावात दाद मिळालेला चौक दुसऱ्या गावात थंड पडतो, मग त्याची जागा बदलते. म्हणूनच एकाच लावणीचे तीन-तीन पाठ सापडतात. त्यातला अस्सल कोणता यावर वाद घालण्यापेक्षा तो पाठ कुणाच्या गळ्यासाठी होता हे शोधलं तर जास्त हाती लागेल.

मग लिहिणाऱ्याचं नाव कुठं राहतं? शेवटच्या चौकात. तिथं शाहीर आपली मुद्रिका ठेवतो. ती यमकात आणि मात्रांत अशी अडकवलेली असते की सहज उपटता येऊ नये. ‘पठ्ठे बापूराव’ हे नाव मोजून पाहा : ‘पठ्ठे बापू’ बरोबर आठ मात्रा, आणि वर ‘राव’च्या तीन. दुसऱ्या कुणाला ते काढून आपलं घालायचं असेल तर त्याला तेवढ्याच वजनाचं नाव आणावं लागेल आणि मागचं यमकही सांभाळावं लागेल. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात होनाजी लिहीत आणि बाळा करंजकर गात, तेव्हा मुद्रिकेत ‘होनाजी बाळा’ अशी दोघांचीही नावं येत. लिहिणारा आणि गाणारा यांना एकाच ओळीत बसवणारी ही रीत मला अतिशय न्यायाची वाटते, आणि ती सर्वत्र चालली नाही याचं वाईट वाटतं. पवळाबाईंचं नाव मुद्रिकेत जाण्याची सोय नव्हती. स्त्रीच्या तोंडचे शब्द पुरुष लिहीत होता, मान त्याला मिळत होता, आणि ते शब्द चारचौघांत उच्चारण्याची बदनामी कलावतीच्या वाट्याला येत होती. कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या गायिका-वादकांनी ज्या गाण्यांना देह दिला त्या गाण्यांच्या छापील संग्रहावर त्यांचं नाव अपवादानंच सापडतं. लावणीबद्दल लिहिणाऱ्यानं हे दर वेळी सांगितलं पाहिजे.

तबकडी आली आणि मुद्रिकेचं घर मोडलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. पाच-सहा चौकांची लावणी दोन-तीन कडव्यांवर आली. सिनेमानं तोच साचा उचलला : मुखडा, दोन-तीन अंतरे, मध्ये वाद्यमेळ. मिरजेतून आलेल्या राम कदम यांनी १९७२च्या ‘पिंजरा’ला संगीत दिलं, गाणी जगदीश खेबूडकरांची. त्या लावण्यांना ढोलकीचा खरा बाज आहे, पण शेवटी कवीचं नाव नाही. नाव आता श्रेयनामावलीत गेलं आणि रेडिओवर निवेदक सांगेल तेवढंच उरलं. गाणं गाणाऱ्याच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं ते तेव्हापासून. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ म्हटलं की शाहीर साबळे डोळ्यांपुढे येतात. शब्द राजा बढे यांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची, हे सांगावं लागतं. २०२३ साली ते राज्यगीत झालं तेव्हा ही नावं पुन्हा एकदा लोकांपुढे आली, हे बरं झालं.

पसरणीचे कृष्णराव साबळे मात्र दुसऱ्याचं गाणं गाणारे एवढेच नव्हते. ते मुक्तनाट्यं उभी करत, त्यांत गात, ती बसवत. त्यांच्या पहिल्या पत्नी भानुमती यांनी लिहिलेली गाणी त्यांनी गायली. पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रम त्यांनी उभारला तेव्हा गोंधळ, वासुदेव, कोळीगीतं, लावणी असं सगळं आटोपशीर तुकड्यांत बेतून तरुण गायक-नर्तकांच्या हाती दिलं. रात्रभर चालणारा विधी रंगमंचावर आणताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसलेल्या निर्मात्याला रोज घ्यावा लागतो. साबळ्यांनी तो लोकगायकाच्या कानानं घेतला, म्हणून त्या तुकड्यांत मूळ ठेक्याची धग राहिली.

आज सातारा-सांगलीकडचा एखादा गाणारा पोरगा दुसऱ्या गायकासाठी गाणं करतो तेव्हा तो चाल मोबाइलवर गुणगुणून ठेवतो, संगणकावर ठेका लावतो, गायकाची पट्टी विचारतो आणि कच्चं गाणं स्वतःच्या आवाजात गाऊन पाठवतो. तालमीत ओळ-ओळ देणारा शाहीर आणि हा कच्चा आवाज यांचं काम एकच आहे. फरक पडतो तो नावाचा आणि पैशाचा. जत्रेची सुपारी, वर मिळालेली बिदागी, एवढ्यावर पूर्वी हिशेब मिटे. आता गाणं वर्षानुवर्षं वाजत राहतं. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७चा. त्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार यांना ध्वनिमुद्रणातून येणाऱ्या स्वामित्वधनात समान वाट्याचा हक्क दिला, आणि तो हक्क कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. वारसांकडे किंवा प्रताधिकार संस्थेकडेच तो सोपवता येतो. १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी हे वाटे गोळा करून सभासदांना देते. सभासद व्हायचं, प्रत्येक गाण्याची नोंद करायची, गाण्यात शब्द कुणाचे आणि चाल कुणाची हे गायकाला पाठवण्याआधी लेखी ठरवून घ्यायचं, एवढं केलं तर दावा टिकतो.

हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढची साठ वर्षं राहतो. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गाण्यांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांच्याकडे तो गेला असेल त्यांच्याकडे आहे. बापूरावांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लावण्या २००६ पासून सर्वांसाठी खुल्या आहेत. कुणीही त्या गाव्यात, नव्या चालीत बसवाव्यात, पट्टी बदलावी, चौक कमी करावेत. त्यासाठी परवानगी लागत नाही. मात्र कमी करायचेच असतील तर मधले करावेत, मुद्रिकेचा चौक ठेवावा.